वणवा अडवायचा तर रानातलं काय साफ करायचं आणि काय राखायचं?

मार्च २०२३ मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर वणवे पेटले. ते विझवण्यासाठी हवाई दल आणि नौदलाची हेलिकॉप्टर्स बोलवावी लागली. एवढी मोठी बातमी होणारे वणवे थोडेच असतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि घाटमाथ्यावरच्या गावांमध्ये मात्र फेब्रुवारी ते मे या काळात दरवर्षी कुठे ना कुठे सडा पेटतो, आग बागेत शिरते आणि आंबा-काजूची कलमं एका दुपारी करपून जातात. कलम लावल्यापासून हापूसचं चांगलं उत्पन्न हाती यायला बरीच वर्षं लागतात. त्यामुळे जळालेली बाग म्हणजे फक्त त्या हंगामाचं नुकसान नसतं.

अशा बातमीखाली दोन प्रकारच्या प्रतिक्रिया हमखास दिसतात. एक म्हणते, "सगळं रान साफ करून टाका." दुसरी म्हणते, "निसर्गाला हात लावू नका." आग कशी पसरते हे समजून घेतलं तर दोन्ही सल्ले अपुरे ठरतात. बरीचशी झाडं न तोडताही वणव्याचा धोका कमी करता येतो. त्यासाठी नेमकं काय काढायचं, कुठून काढायचं आणि कधी काढायचं, हे ठाऊक असायला हवं.

वणव्यात आधी काय पेटतं?

वणवा म्हटलं की डोळ्यांसमोर धगधगणारी मोठी झाडं येतात. पण आगीची सुरुवात आणि तिचा प्रवास बारीकसारीक वाळक्या गोष्टींवर होतो. गवत, पालापाचोळा, काटक्या आणि वाळलेल्या वेली या त्या गोष्टी.

आगीचा अभ्यास करणारे जळाऊ वस्तूंची वर्गवारी त्या किती वेळात सुकतात यावरून करतात. साधारण ६ मिलिमीटरपेक्षा बारीक असलेलं गवत आणि काड्या हवेतल्या कोरडेपणाला तासाभरात प्रतिसाद देतात. बोटाएवढ्या जाड काटकीला सुमारे दहा तास लागतात. मनगटाएवढ्या फांदीला काही दिवस, तर जाड ओंडक्याला कित्येक आठवडे लागतात. म्हणूनच पहाटे दवाने ओलं असलेलं गवत दुपारी बारा वाजता काडी लागताच भडकतं, तर शेजारचं जिवंत झाड सहज पेट घेत नाही.

कोकणात पाऊस भरपूर, म्हणून वणव्याचा धोका कमी, असा एक समज आहे. प्रत्यक्षात उलट घडतं. चार महिन्यांच्या पावसात गवत कमरेच्या वर वाढतं. ऑक्टोबरनंतर पाऊस थांबला की तेच गवत उभ्याउभ्या वाळतं आणि पुढचे पाच-सहा महिने तसंच उभं राहतं. जितका चांगला पावसाळा, तितकं जास्त जळण.

आग लावतं कोण?

भारतातले बहुतेक वणवे माणसामुळे लागतात. वीज पडून किंवा बांबू घासून आग लागल्याचं वारंवार सांगितलं जातं, पण आपल्याकडच्या उन्हाळी वणव्यांमागे बहुतेकदा विडी-सिगारेटचं थोटूक, विझवली न गेलेली चूल, हुसकावलेलं जनावर किंवा मुद्दाम लावलेली काडी असते. कोकणात भातशेतीसाठी तरवा किंवा दाढ भाजतात. ती भाजावळ नीट राखली नाही तर आग बांध ओलांडते. विदर्भात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात.

गवत जाळलं की पुढच्या वर्षी ते जोमाने येतं, ही समजूतही बऱ्याच ठिकाणी आहे. जळाल्यावर राखेमुळे काही काळ हिरवा कोंब फुटतो, हे खरं. पण जमिनीवरचा पाचोळा आणि रोपं जळतात, माती उघडी पडते आणि पहिल्या सरींबरोबर राखही वाहून जाते. त्याच जागी वर्षानुवर्षं आग लागत राहिली तर नवी झाडं वाढत नाहीत आणि फक्त गवत व काटेरी झुडपं उरतात. म्हणजे पुढच्या वणव्यासाठी आणखी जळण.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातलं ३६ टक्क्यांहून अधिक वनक्षेत्र वारंवार आग लागण्याच्या टप्प्यात येतं. प्रत्येक काडी रोखणं शक्य नाही. त्यामुळे आग आली तरी तिला आपल्या जागेत खायला काही मिळू नये, ही तयारी महत्त्वाची ठरते.

आग झाडावर कशी चढते?

सह्याद्रीतले बहुतेक वणवे जमिनीवरून सरकतात. शेंड्याशेंड्यांवरून उड्या मारत जाणारी आग आपल्याकडे क्वचित दिसते. पण जमिनीवरच्या आगीला वर चढायला शिडी मिळाली तर ती चढते. गवताला लागून घाणेरी, घाणेरीच्या वर वाळलेली वेल, वेलीच्या वर झाडाची खालची सुकलेली फांदी, अशी ही शिडी असते. घाणेरी आणि रानमोडी या दोन्ही बाहेरून आलेल्या वनस्पती आहेत. ओस पडलेल्या बागांमध्ये त्या झपाट्याने पसरतात आणि उन्हाळ्यात वाळक्या काटक्यांचा ढीग तयार करतात.

झाड पेटलं नाही तरी ते मरू शकतं. सालीच्या आत जिवंत पेशींचा पातळ थर असतो. खोडाची वाढ तिथूनच होते. तापमान साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की या पेशी मरू लागतात. जुन्या आंब्याची जाड साल थोडा वेळ तग धरते. तीन-चार वर्षांच्या कलमाची पातळ साल मात्र बुंध्याशी जळणाऱ्या गवताची धगही सोसू शकत नाही. आग लागून गेल्यावर झाड हिरवं दिसतं आणि काही आठवड्यांनी सुकत जातं, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

उतारावर धोका जास्त का?

आगीची धग वरच्या दिशेने जाते. उतारावर वरच्या बाजूचं गवत ज्वाळांच्या जवळ असतं, त्यामुळे ते आधीच तापून सुकतं आणि लगेच पेटतं. आगीच्या अभ्यासात वापरला जाणारा एक ठोकताळा असा की चढाचा उतार दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. २० अंशांच्या उतारावर तो सपाटीच्या चौपट होऊ शकतो.

याचा सरळ अर्थ असा की डोंगरउतारावरच्या घराला किंवा बागेला सर्वांत जास्त धोका खालच्या अंगाने असतो. साफसफाईला वेळ आणि मजूर कमी असतील तर सुरुवात खालच्या हद्दीपासून करावी. त्यानंतर वारा ज्या बाजूने येतो ती बाजू.

घराभोवती किती जागा मोकळी हवी?

या प्रश्नावर सर्वाधिक काम अमेरिकेत झालं आहे, कारण तिथे जंगलाला लागून वस्त्या वाढल्या. अमेरिकी वन सेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या प्रयोगांमध्ये जंगल पेटवून त्यासमोर लाकडी भिंती उभ्या केल्या. १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, २० मीटरवरच्या फार तर करपल्या आणि ३० मीटरवरच्या भिंतींना काही झालं नाही. मोठ्या ज्वाळांची धग घर पेटवायला तितक्या दुरून पुरत नाही.

मग घरं जळतात कशी? ठिणग्यांमुळे. वाऱ्याबरोबर उडालेले निखारे छपरावरच्या पाचोळ्यात, भिंतीला टेकवलेल्या लाकडांवर किंवा गवताच्या गंजीवर पडतात आणि तिथून घर पेटतं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आगींत १६ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. त्या वेळच्या अनेक छायाचित्रांमध्ये घर राख झालेलं आणि शेजारचं झाड हिरवं उभं दिसतं.

कॅलिफोर्नियात आगीचा धोका असलेल्या भागात घराभोवती १०० फुटांपर्यंतची जागा नियंत्रणात ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. या जागेचे तीन भाग मानले जातात. घराला लागून पहिले ५ फूट, त्यापुढे ३० फुटांपर्यंत आणि नंतर १०० फुटांपर्यंत. घराजवळ नियम सर्वांत कडक आणि दूर जाताना सैल. शेवटच्या भागातही झाडं राहू शकतात, पण वाळलं गवत ४ इंचांपेक्षा उंच नको, असं तिथला अग्निशमन विभाग सांगतो.

कॅलिफोर्नियातले पाइन आणि कोकणातला आंबा यांत फरक आहे, त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे इथे लावण्यात अर्थ नाही. पण घरापासून बाहेर जात साफसफाई करायची, हा क्रम इथेही तितकाच लागू पडतो.

कोकणी घराच्या बाबतीत पहिल्या ५ फुटांत पुढच्या गोष्टी येतात:

- कौलांच्या पन्हळीत आणि वळचणीला साठलेला पाचोळा काढणं
- पडवीला टेकवलेली जळाऊ लाकडं, गोवऱ्या, झावळ्यांचे भारे हलवणं
- उन्हाळ्यात अंगणात घातलेल्या झावळ्यांच्या मांडवावर लक्ष ठेवणं
- गॅस सिलिंडरजवळ आणि विजेच्या मीटरखाली गवत वाढू न देणं

त्यापुढच्या टप्प्यात गवताची उडवी आणि गोठ्यातली वैरण येते. उडवी घरापासून आणि गोठ्यापासून शक्य तितकी दूर रचावी आणि तिच्याभोवती जमीन उघडी ठेवावी. काट्याकुट्यांची वाळलेली वई घराला येऊन भिडत असेल तर ती वातीचं काम करते. हद्दीवर पेटलेली आग तिच्यावरून थेट दारात येते. घराजवळचा वईचा काही भाग काढून तिथे दगडी गडगा घातला, तर ही वात तुटते. गडग्यावर मात्र गवत लोंबत राहू देऊ नये.

बागेत काय करायचं?

बागेत तीन कामं महत्त्वाची आहेत.

पहिलं, हद्दीवरची जाळरेषा. जाळरेषा म्हणजे गवत आणि पाचोळा पूर्ण काढून माती उघडी केलेला पट्टा. वन विभाग जंगलात दरवर्षी अशा रेषा घेतो. खाजगी बागेत सपाटीवर साधारण तीन-चार मीटर रुंद पट्टा उपयोगी पडतो. शेजारचं गवत उंच असेल किंवा उतार असेल तर पट्टा आणखी रुंद लागतो. पायवाट, गाडीवाट किंवा कातळ हद्दीजवळ असेल तर जाळरेषा तिला जोडून घ्यावी. काम निम्मं होतं. जोराच्या वाऱ्यात ठिणगी जाळरेषा ओलांडू शकते, म्हणून ही रेषा एकटी पुरेशी नसते. पण आगीचा जोर तिथे कमी होतो आणि माणसांना उभं राहून आग विझवायला जागा मिळते.

दुसरं, गवत कापणं आणि उचलणं. यातला दुसरा शब्द जास्त महत्त्वाचा. ग्रासकटर फिरवून गवत तिथेच पडू दिलं तर जळण आडवं झालं, एवढंच. ते वैरणीला न्यावं, नाहीतर खड्ड्यात कंपोस्टला घालावं. तणनाशक मारलेलं गवतही उभ्याउभ्या वाळतं आणि हिरव्या गवतापेक्षा सहज पेटतं. फवारणी केली म्हणजे आगीची काळजी मिटली, असं होत नाही.

तिसरं, शिडी तोडणं. प्रत्येक झाडाखालची घाणेरी, रानमोडी आणि वाळक्या वेली काढाव्यात. जमिनीला टेकलेल्या आणि मेलेल्या फांद्या छाटाव्यात. काढलेला काटेरी ढीग बागेतच ठेवला तर सगळी मेहनत वाया जाते.

एक अडचण इथे येते. उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून कलमांच्या बुंध्याशी पाचोळ्याचं आच्छादन घालायचा सल्ला दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण तेच आच्छादन आगीला बुंध्यापर्यंत आणतं. मधला मार्ग असा की आच्छादन बुंध्याला न चिकटवता थोडं अंतर सोडून घालावं, एका झाडाचं आच्छादन दुसऱ्याला जोडलं जाऊ नये आणि हद्दीजवळच्या एक-दोन ओळींत ते शक्यतो टाळावं.

जाळरेषा जाळून काढली तर?

वन विभाग बऱ्याच ठिकाणी गवत कापून ते नियंत्रित पद्धतीने जाळतो. त्यासाठी माणसं, पाणी आणि अनुभव लागतो. एकट्या शेतकऱ्याने दुपारच्या वाऱ्यात लावलेली जाळरेषा हीच वणव्याची सुरुवात ठरू शकते. त्यामुळे खाजगी जागेत कापून आणि खरवडून पट्टा काढणं जास्त सुरक्षित.

जाळण्याला पर्यायच नसेल तर गवत अजून पूर्ण वाळलेलं नसताना, वारा नसलेल्या वेळी, पुरेशी माणसं आणि पाणी घेऊन, छोट्या छोट्या तुकड्यांत जाळावं. राख थंड होईपर्यंत जागा सोडू नये. शेजारी आणि जंगल जवळ असेल तर वन विभागाला आधी कळवावं. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनाला आग लावणं गुन्हा आहे. वनाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणंही त्याच कलमात येतं. आपल्या शेतात लावलेली आग पुढे पसरली, ही सबब पुरत नाही.

ग्रासकटरबाबतही एक काळजी घ्यावी लागते. धातूचं पातं दगडावर आपटलं तर ठिणगी उडते. गवत पूर्ण वाळल्यावर हे काम सकाळी लवकर, दव असतानाच उरकावं.

काय तोडायचं नाही?

सगळं रान भुईसपाट करणं धोक्याचं असतं. मोठ्या झाडांच्या सावलीत जमीन थंड राहते, ओल टिकते आणि गवत कमी वाढतं. झाडं तोडली की ऊन जमिनीपर्यंत पोहोचतं आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे आणखी दाट गवत येतं. म्हणजे वणव्याच्या भीतीने केलेली झाडतोड वणव्यालाच जळण पुरवते.

उतारावरची झुडपं मुळासकट उपटली तर पहिल्या मोठ्या पावसात माती वाहते. तिथे गवत-झुडपं जमिनीलगत कापावीत आणि मुळं राहू द्यावीत. घाणेरीसारख्या उपद्रवी झुडपाची मुळं मात्र काढावी लागतात, नाहीतर ती पुन्हा फुटते. ते काम टप्प्याटप्प्याने करावं. ओढ्याकाठची हिरवी झाडी आगीला स्वतःच अडवते, तिला हात लावू नये. हद्दीपासून आत, एकमेकांपासून सुटी असलेली करवंदीची जाळी पक्ष्यांसाठी आणि लहान प्राण्यांसाठी ठेवता येते.

कायद्याचा भागही आहे. महाराष्ट्रात झाडे तोडण्याच्या विनियमनाचा १९६४ चा अधिनियम लागू आहे. आंबा, फणस, साग, हिरडा अशी अनुसूचीतली झाडं स्वतःच्या जमिनीवरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. गवत, झुडपं आणि वाळक्या फांद्या काढण्याची गोष्ट वेगळी.

शेजारची जमीन ओस असेल तर?

कोकणात हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं, त्यातली बरीचशी मुंबई-पुण्यात, काही परदेशात. जमीन कोणी कसायची, खर्च कोणी करायचा, यावर एकमत होत नाही आणि बाग वर्षानुवर्षं तशीच राहते. गणपतीला किंवा शिमग्याला आलेल्या चाकरमान्याला ती हिरवीगार झाडी वाटते. शेजारी राहून बाग राखणाऱ्याला मात्र तिथे उभं असलेलं कमरेएवढं गवत दिसतं. आग त्या गवतातून येते आणि कलमं याची जळतात.

सगळी सामाईक जमीन साफ होण्याची वाट पाहण्यापेक्षा निदान हद्दीवरचा पट्टा साफ करायला सहहिस्सेदारांनी संमती आणि थोडा खर्च दिला, तरी मोठा फरक पडतो. वाटणीचा वाद त्यासाठी मिटावा लागत नाही. बरेच जण कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकत्र असतातच. दिवाळीत तिथे एक निरोप टाकून मजुरीचे पैसे गोळा करणं अवघड नाही. कापलेल्या गवताच्या बदल्यात शेजाऱ्याला गवत नेऊ दिलं, तर अनेकदा पैसेही लागत नाहीत. वाडीने मिळून सलग जाळरेषा घेतली तर ती तुकड्यातुकड्यांच्या रेषांपेक्षा कितीतरी उपयोगी ठरते, कारण आग हद्दी बघत नाही.

तरीही आग आलीच तर?

वन विभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. आपत्कालीन मदतीसाठी ११२ लावता येतो. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाने टिपलेल्या आगींचे इशारे मोबाइलवर पाठवतं आणि त्यासाठी सामान्य नागरिकही नोंदणी करू शकतात.

आग उतारावरून वर येत असताना तिच्या समोर, वरच्या अंगाला थांबू नये. सुती कपडे आणि बूट घालून, बाजूने किंवा मागून, हिरव्या फांद्यांनी झोडपत आग विझवतात. ज्वाळा माणसाच्या उंचीच्या वर गेल्या असतील तर विझवण्याचा प्रयत्न सोडून बाहेर पडावं. झाडं पुन्हा लावता येतात.

कामाचं वेळापत्रक

दसरा ते दिवाळी या काळात गवत थोडं ओलसर असतं, कापायला सोपं आणि वैरणीला चांगलं. हद्दीचा पट्टा तेव्हाच काढावा. डिसेंबर-जानेवारीत घाणेरी, वेली आणि सुकल्या फांद्या. फेब्रुवारीत, शिमग्याच्या आधी, जाळरेषेवर पुन्हा पडलेला पाचोळा झाडून काढणं आणि घराचं छप्पर साफ करणं. मार्चपासून पाऊस येईपर्यंत दर पंधरा दिवसांनी एक फेरी आणि बागेच्या खालच्या अंगाला भरून ठेवलेली पाण्याची दोन-चार पिंपं. कोणी विडी ओढत रानात शिरत असेल तर त्याला हटकायचं कामही याच काळातलं.